झेड/ओएसवर सी प्रोग्राम कुणाचं घड्याळ बघतो?

झेड/ओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, सी प्रोग्रामची वेळ चुकतेय, असं कुणी सांगत आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. प्रोग्राम कुणाचं ऐकतोय? सिस्टिमचं, की टीझेडचं, म्हणजे प्रोग्रामला टाइमझोन सांगणाऱ्या सेटिंगचं? ज्याला याचं उत्तर लगेच देता येतं त्याचा बग अर्ध्या तासात सापडतो. ज्याला देता येत नाही तो लोकलटाइम या स्थानिक वेळ देणाऱ्या फंक्शनच्या आजूबाजूला पाच तास मिळव, एक तास वजा कर, असं करत बसतो आणि मार्चमध्ये, अमेरिकेतली घड्याळं बदलली की, पुन्हा माझ्याकडे येतो.

गेली वीस-एक वर्षं पुण्यात बसून मी अमेरिकेतल्या मेनफ्रेमवर काम करते आहे. तेवढ्या काळात जे हाताशी जमलं ते इथे लिहिते आहे. फंक्शनांची आणि ऑप्शनांची नावं आम्ही बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये आणि जेसीएलमध्ये (बॅच जॉब चालवायच्या सूचना ज्या भाषेत लिहितात तिच्यात) ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.

आधी आमच्याकडे काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल.

क्लायंट विमा कंपनी, पूर्व किनाऱ्यावरची. दिवसभरात आलेल्या हप्त्यांवर तारीख-वेळेचा शिक्का मारणारा एक सी प्रोग्राम होता, बरीच वर्षं बिनतक्रार चाललेला. त्यात थ्रेड वापरायचे ठरले, म्हणून प्रॅग्मा रनऑप्ट्समध्ये, म्हणजे कोडमधल्या रनटाइम ऑप्शनांच्या ओळीत, पॉझिक्स(ऑन) घातलं; त्याने प्रोग्राम युनिक्सच्या धर्तीच्या नियमांनी चालतो. बाकी एका ओळीलाही हात लावला नाही. टेस्टिंग आम्ही पुण्याच्या सकाळी अकराला केलं. तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, फेब्रुवारी महिना होता. आउटपुटवर तारीख बरोबर आली आणि आम्ही सही दिली. तासाच्या जागी शून्याऐवजी पाच होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

प्रॉडक्शनला गेल्यावर न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सातनंतर आलेल्या प्रत्येक हप्त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख पडायला लागली. सकाळपासून सातपर्यंतचे हप्ते व्यवस्थित, सात ते बारा मधले सगळे एक दिवस पुढे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पैसे भरलेले लोक ‘मुदत उलटली’ या यादीत गेले. पॉलिसी बंद झाल्याची पत्रं छपाईला जायच्या आधी आम्ही ती थांबवली. पण ती यादी मी ओळ न् ओळ वाचली आहे. लहानपणी कराडला वडिलांचा विम्याचा हप्ता भरायला मीच सायकलवरून जायचे, बहुतेकदा शेवटच्या तारखेला, कारण पैसे तेव्हाच जमलेले असायचे. त्या यादीतल्या नावांमागे तसंच एकेक घर असणार, हे मला दिसत होतं. म्हणून या विषयात मी ‘चालतंय ना, मग राहू दे’ असं कुणालाही म्हणू देत नाही.

कारण काय होतं? सी भाषेच्या रनटाइमचा एक नियम. टीझेड किंवा _टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलेलं नसेल, तर रनटाइम लोकेलमध्ये, म्हणजे देश-भाषेच्या सेटिंगमध्ये, बघतो. तिथे एलसी_टीओडी नावाच्या भागात झोनची माहिती असू शकते. तिथेही काही नसेल, तर वाट दुभंगते. पॉझिक्स(ऑफ) प्रोग्राम सिस्टिमचा ऑफसेट, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेपासूनचा फरक, घेतो. पॉझिक्स(ऑन) प्रोग्राम सरळ यूटीसी धरतो. आमच्या प्रोग्रामला कुणीच टीझेड दिलेलं नव्हतं. इतकी वर्षं तो सिस्टिमच्या ऑफसेटवर चालला होता, आणि त्या एका शब्दाने तो यूटीसीवर गेला. एरर नाही, वॉर्निंग नाही, रिटर्न कोड शून्य.

आता कामाचं.

पहिल्यांदा कन्सोलवर, किंवा परवानगी असेल तर एसडीएसएफ या जॉब बघायच्या पॅनेलमधून, डी टी ही कमांड द्या. लोकल आणि यूटीसी अशा दोन वेळा शेजारी येतात, तारीख वर्ष आणि वर्षातला दिवस अशा रूपात. दोन्हींतला फरक हा सिस्टिमचा ऑफसेट. तो कागदावर लिहून घ्या.

मग दहा ओळींचा एक प्रोग्राम लिहा. टाइम() ने मिळालेला आकडा छापा. जीएमटाइम छापा. लोकलटाइम छापा, एसटीआरएफटाइममध्ये टक्का-मोठा-झेड घालून, म्हणजे झोनचं नावही येईल. शेवटी गेटएनव्ह करून टीझेड छापा, आणि ते नल असेल तर ‘टीझेड नाही’ असं स्पष्ट छापा. हा प्रोग्राम तीन प्रकारे चालवा: साध्या बॅचमध्ये, बॅचमध्येच पॉझिक्स(ऑन) देऊन, आणि यूएसएसच्या, म्हणजे झेड/ओएसमधल्या युनिक्सच्या, शेलमधून. सिस्टिम पश्चिम पाच तासांवर असेल आणि न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली असतील, तर साध्या बॅचमध्ये १९:१० दिसेल, दुसऱ्यात ००:१० आणि उद्याची तारीख. शेलमध्ये /ईटीसी/प्रोफाइलने किंवा तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलने टीझेडमध्ये जे भरलं असेल ते दिसेल. मात्र तिन्ही वेळा टाइम() चा आकडा एकच रेषा धरून पुढे जाताना दिसेल, कारण तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे यूटीसी सेकंद मोजतो आणि झोनशी त्याचा संबंध नसतो. हा प्रोग्राम फेकू नका. माझ्या लायब्ररीत तो अजून आहे आणि महिन्यातून एकदा तरी लागतो.

सिस्टिमचा ऑफसेट येतो कुठून? हार्डवेअरचं टीओडी घड्याळ १ जानेवारी १९०० पासून मोजतं आणि ते यूटीसीच्या बाजूचं असतं. स्थानिक वेळ म्हणजे त्यात मिळवायचा एक फरक. तो पार्मलिब या सिस्टिम सेटिंगच्या लायब्ररीतल्या क्लॉक-एक्सएक्स मेंबरमध्ये टाइमझोन या शब्दापुढे लिहितात: न्यूयॉर्कच्या हिवाळ्यासाठी डब्ल्यू.०५.००.००, भारतासाठी ई.०५.३०.००. चालू सिस्टिमवर ऑपरेटर सेट टाइमझोन कमांडने तो बदलू शकतो. त्याच मेंबरमध्ये एसटीपीझोन येस असेल तर तो एचएमसीवरून, म्हणजे हार्डवेअरच्या कन्सोलवरून, येतो. हे सगळं सिस्टिम प्रोग्रॅमरचं क्षेत्र. आपण ते बदलायचं नाही, पण आपल्या एलपारवर (मशीनच्या आपल्या वाट्याच्या भागावर) यातली कुठली पद्धत आहे हे विचारून ठेवायचं.

टीझेड हे आपलं क्षेत्र, आणि सगळ्यांचे हात इथेच पोळतात. पूर्व अमेरिकेसाठी पूर्ण स्ट्रिंग अशी:

ईएसटी५ईडीटी,एम३.२.०,एम११.१.०

पहिली तीन अक्षरं प्रमाण वेळेचं नाव, मग ५ हा फरक, मग उन्हाळी वेळेचं, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ठेवतात त्या वेळेचं, नाव. एम३.२.० म्हणजे तिसरा महिना, दुसरा आठवडा, वार शून्य म्हणजे रविवार. या दिवशी घड्याळ पुढे जातं. एम११.१.० म्हणजे नोव्हेंबरचा पहिला रविवार, त्या दिवशी मागे येतं. वेळ लिहिली नाही तर पहाटेचे दोन धरतात. शेवटचा रविवार हवा असेल तर आठवड्याच्या जागी ५ लिहायचा. लंडनची स्ट्रिंग जीएमटी०बीएसटी,एम३.५.०/१,एम१०.५.० अशी होते, कारण तिथे मार्चमध्ये बदल पहाटे एकला होतो.

चिन्हाकडे नीट बघा. टीझेडमध्ये ग्रिनिचच्या पश्चिमेला अधिक आणि पूर्वेला उणे. भारताची स्ट्रिंग आयएसटी-५:३० अशी. आपल्या डोक्यात ‘भारत यूटीसीच्या पुढे, म्हणून अधिक साडेपाच’ हे इतकं पक्कं असतं की नवीन मुलं हमखास उलटं लिहितात आणि अकरा तासांचा फरक घेऊन बसतात. मी त्यांना एवढंच सांगते: स्थानिक वेळेत हा आकडा मिळवला की यूटीसी मिळाला पाहिजे. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, त्यात उणे साडेपाच मिळवा, दुपारचा एक. जुळलं. क्लॉक-एक्सएक्समध्ये चिन्हच नाही, ई आणि डब्ल्यू आहे. आणि लँग्वेज एन्व्हायर्नमेंटची, म्हणजे झेड/ओएसवरच्या भाषांच्या सामाईक रनटाइमची, सीईईजीएमटीओ ही सर्व्हिस पश्चिमेला उणे तास देते, म्हणजे टीझेडच्या बरोबर उलट. तिन्ही एकाच प्रोग्रामच्या आसपास भेटतात, तेव्हा ज्या ओळीत ऑफसेट वापरला त्या ओळीवर कॉमेंट लिहा: ‘पश्चिम अधिक’ किंवा ‘पश्चिम उणे’.

नियमाचा भाग गाळू नका. नुसतं ईएसटी५ईडीटी लिहिलं तरी चालतं, पण मग बदलाची तारीख रनटाइमच्या मनावर राहते, आणि ती तुमच्या कोडमध्ये किंवा जेसीएलमध्ये कुठेच दिसत नाही. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने या तारखा बदलल्या आणि २००७ पासून नवा नियम लागू झाला. २००६ पर्यंत एप्रिलचा पहिला रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार असं होतं. त्यातून एक अडचण उरते ती लक्षात ठेवा: या स्ट्रिंगमध्ये एका वेळी एकच नियम मावतो. २००६ सालच्या मार्चअखेरची एखादी जुनी नोंद आजच्या स्ट्रिंगने बदललीत, तर उत्तर एक तासाने चुकेल. जुना डेटा असेल तर त्याला जुन्या नियमाची वेगळी स्ट्रिंग द्यावी लागते. आमच्याकडे अशा दोन स्ट्रिंगा आहेत आणि कुठली वापरायची हे नोंदीचं वर्ष बघून ठरतं.

स्ट्रिंग प्रोग्रामपर्यंत पोचवायची कशी? बॅचमध्ये सर्वांत साधा मार्ग म्हणजे जेसीएलमध्ये प्रोग्राम चालवणाऱ्या एक्झेक कार्डावरचं पार्म:

पार्म='एनव्हार("टीझेड=ईएसटी५ईडीटी,एम३.२.०,एम११.१.०")/'

शेवटची ती तिरकी रेघ विसरू नका. तिच्या डावीकडचं रनटाइमचं, उजवीकडचं तुमच्या प्रोग्रामचं. रेघ नसेल तर सी प्रोग्रामच्या बाबतीत सगळा मजकूर मेनच्या आर्ग्युमेंटमध्ये जातो, टीझेड लागतच नाही, आणि प्रोग्राम शांतपणे जुन्याच वेळेवर चालतो. शिवाय पार्मला शंभर अक्षरांची मर्यादा आहे. आधीच लांबलचक पार्म असेल तर सीईईऑप्ट्स नावाचं डीडी (जेसीएलमध्ये फाइल जोडणारी ओळ) द्या आणि एनव्हारची ओळ त्यात लिहा. मला तोच मार्ग जास्त आवडतो. जेसीएल वाचणाऱ्याला झोन वेगळ्या ओळीवर ठळक दिसतो आणि अवतरण चिन्हांची कसरत करावी लागत नाही. सगळ्या सिस्टिमसाठी एकच मूल्य हवं असेल तर पार्मलिबच्या सीईईपीआरएम-एक्सएक्समध्ये घालता येतं, पण त्यासाठी सिस्टिम प्रोग्रॅमरशी बोला. त्या एलपारवर आणखी कोणाचे प्रोग्राम आहेत हे त्यांना ठाऊक असतं.

प्रोग्रामच्या आतूनही देता येतं: सेटएनव्हने टीझेड भरायचं, मग टीझेडसेटने ते लागू करायचं. लोकलटाइम टीझेड स्वतः वाचतं, पण लोकलटाइम_आर वाचेलच असं मानक सांगत नाही. म्हणून सेटएनव्हनंतर टीझेडसेट हाताने बोलवायचं, कायम. आणि थ्रेड असतील तर लोकलटाइम_आरच वापरा, कारण साधं लोकलटाइम एकाच सामाईक जागेचा पत्ता परत देतं आणि दुसरा थ्रेड तुमच्या हातातली वेळ पुसून टाकतो.

एकाच प्रोग्रामला अनेक झोन लागत असतील तर? विम्यात लागतातच. अमेरिकेतल्या पॉलिसीवर छापलेलं असतं की विमा सुरू होतो तो विमाधारकाच्या पत्त्यावरच्या प्रमाण वेळेनुसार रात्री बारा वाजून एक मिनिटाने. वाक्य नीट वाचा: त्याच्या पत्त्यावरची वेळ, आणि तीही प्रमाण वेळ. मशीन कुठे ठेवलंय याला काही किंमत नाही. शिकागोचा माणूस सीएसटी६सीडीटीमध्ये, फिनिक्सचा एमएसटी७ मध्ये आणि त्याला उन्हाळी वेळच नाही, होनोलुलूचा एचएसटी१० मध्ये. म्हणून झोन हा नोंदीचा गुण समजा आणि नोंदीतच साठवा. वेळ यूटीसीमध्ये ठेवा आणि शेजारच्या फील्डमध्ये झोन ठेवा.

प्रत्येक नोंदीला सेटएनव्ह आणि टीझेडसेट करत बसलात तर बॅच रेंगाळते, आणि थ्रेड असतील तर एकाचा झोन दुसऱ्याला लागतो, कारण एका प्रोसेसमधल्या सगळ्या थ्रेडना मिळून टीझेड एकच असतं. आम्ही फाइल आधी डीएफसॉर्टने झोनच्या फील्डवर लावून घेतली. मग झोन बदलतो तेव्हाच टीझेड बदलतं, सबंध रनमध्ये मोजून सहा वेळा. थ्रेड सुरू करण्याच्या आधीच्या टप्प्यात हे रूपांतर उरकून टाकलं. एवढा साधा बदल होता, पण त्यानंतर त्या जॉबवर रात्री कुणाला उठावं लागलेलं नाही.

आता उलट दिशा. हातात स्थानिक तारीख-वेळ आहे आणि टाइम_टी, म्हणजे टाइम() देतं तसा सेकंदांचा आकडा, हवा आहे. मेकटाइम. इथे स्ट्रक्ट टीएम, म्हणजे तारीख-वेळेचे सुटे भाग ठेवणारं स्ट्रक्ट, आधी मेमसेटने शून्य करतात, आणि तिथेच फसतात. कारण टीएम_आयएसडीएसटी शून्य म्हणजे ‘ही प्रमाण वेळ आहे’ असं तुम्ही ठामपणे सांगितलंत. जुलैतले सकाळचे दहा दिलेत, तर मेकटाइम ते प्रमाण वेळेतले दहा समजतं, म्हणजे उन्हाळी वेळेतले अकरा, आणि तुमच्या स्ट्रक्टमधला तासही अकरा करून ठेवतं. मेमसेटनंतर आयएसडीएसटीमध्ये उणे एक भरा, म्हणजे नियम बघून तेच ठरवेल. टीएम_मन शून्यापासून आणि टीएम_इयर १९०० पासून, हे तुम्हाला माहीत असेलच.

‘उद्या’ काढण्यासाठी ८६४००, म्हणजे चोवीस तासांचे सेकंद, मिळवणं ही सवय सोडा. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की एक उदाहरण अंकांनी मांडते. न्यूयॉर्क, ८ मार्च २०२५, रात्रीचे साडेअकरा. यात ८६४०० सेकंद मिळवा. त्या रात्री घड्याळ एक तास पुढे गेलं, दिवस तेवीस तासांचा झाला. उत्तर येतं १० मार्च, रात्री साडेबारा. ९ मार्च गेला कुठे? ज्या जॉबने या उत्तरावरून फाइलचं नाव बनवलं, त्याने ९ तारखेची फाइल बनवलीच नाही. नोव्हेंबरमध्ये उलटं: २ नोव्हेंबर २०२५, मध्यरात्रीनंतर साडेबारा. ८६४०० मिळवलेत तर पुन्हा २ नोव्हेंबर, रात्रीचे साडेअकरा. त्याच तारखेची फाइल दुसऱ्यांदा. उपाय असा: टीएम_एमडेमध्ये एक मिळवा, तास बारा करा, आयएसडीएसटी उणे एक, मग मेकटाइम. दुपारचे बारा कुठल्याच बदलाच्या आसपास नसतात.

नोव्हेंबरच्या त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. नुसत्या स्थानिक वेळेवरून ०१:२० पहिला की दुसरा हे कुणालाही सांगता येत नाही, मेकटाइमलाही नाही. उणे एक दिलंत तर ते दोन्हींतला एक निवडेल, कुठला यावर विसंबू नका. नोंद होतानाच यूटीसी साठवला असेल तरच प्रश्न उरत नाही. क्रमाने लावायच्या कुठल्याही गोष्टीची किल्ली म्हणून स्थानिक वेळ वापरू नका. डीबी२ या डेटाबेसमध्येही तेच: करंट टाइमस्टॅम्पमधून करंट टाइमझोन वजा केलं की यूटीसी मिळतो, तो साठवा.

याच रात्री दोन घड्याळांतला फरक उघडा पडतो. टीझेड असलेला प्रोग्राम आपल्या नियमाने ठोक दोनला वेळ बदलतो. सिस्टिमचा ऑफसेट ऑपरेटरने सेट टाइमझोन दिल्यावर बदलतो. ऑपरेटर वीस मिनिटं उशिरा पोचला, तर ती वीस मिनिटं सी स्टेप आणि सिस्टिमच्या ऑफसेटवर चालणारी कोबोल स्टेप एकाच जॉबमध्ये एका तासाच्या अंतराने बोलतात. मिश्र जॉबमध्ये मी एकाच ठिकाणी वेळ घेते, पहिल्या स्टेपमध्ये, यूटीसीत, आणि पुढच्या सगळ्यांना तीच देते. लँग्वेज एन्व्हायर्नमेंटची सीईईजीएमटी ही सर्व्हिस दोन्ही भाषांतून सारखीच बोलावता येते. ती दिवस मोजते ते १५ ऑक्टोबर १५८२ पासून, ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या पहिल्या दिवसापासून. या क्रमांकाला लिलियन म्हणतात ते ही दिनदर्शिका सुचवणाऱ्या लिलियस यांच्या नावावरून. सोळाव्या शतकातल्या त्या माणसाचं नाव रोज रात्री आपल्या बॅचमध्ये फिरतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कधीतरी सिस्टिमचा ऑफसेट थेट वाचावा लागतो, उदाहरणार्थ टीओडीचे कच्चे शिक्के उलगडताना. मेमरीतल्या पत्ता १६ वर सीव्हीटीचा, म्हणजे सिस्टिमची मूळ माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकचा, पॉइंटर असतो. ६४ बिट प्रोग्राम असेल तर तो ३२ बिटांचा पॉइंटर म्हणून वाचा. सीव्हीटीत ३०४ वर सीव्हीटीटीझेडमध्ये हा ऑफसेट आहे, पण ते वापरू नका, आपल्यासाठी तर मुळीच नाही. त्याचं एकक १.०४८५७६ सेकंद. साडेपाच तास म्हणजे १९८०० सेकंद, भागून बघा: १८८८२.७५ च्या आसपास. पूर्णांक नाही, म्हणजे भारताचा ऑफसेट त्यात अचूक मावतच नाही. न्यूयॉर्कचे १८००० सेकंदही मावत नाहीत. त्याऐवजी ३२८ वर सीव्हीटीईएक्सटी२ चा पॉइंटर आहे, तिथून ५६ वर आठ बाइटचा सीव्हीटीएलडीटीओ, म्हणजे स्थानिक वेळेचा फरक. तो चिन्हासकट वाचायचा. ८० वर सीव्हीटीएलएसओ, म्हणजे लीप सेकंद. टीओडीत पहिला मिळवून दुसरा वजा केला की स्थानिक वेळ, नुसता दुसरा वजा केला की यूटीसी. बारा बिट उजवीकडे सरकवले की मायक्रोसेकंद. युनिक्स वेळ हवी असेल तर सरकवण्याआधी १९७० चा टीओडी वजा करा: ७डी९१०४८बीसीए०००००० हा हेक्स आकडा. तो १९०० ते १९७० मधल्या २,२०,८९,८८,८०० सेकंदांचा आहे, हाताने ताळा करून बघता येईल.

दोन मर्यादा थोडक्यात. ३१ बिट प्रोग्राममधला टाइम_टी १९ जानेवारी २०३८ ला, यूटीसी ०३:१४:०७ नंतर संपतो. तीस वर्षांच्या पॉलिसीचा शेवट आजच त्याच्या पलीकडे आहे, त्यामुळे हा प्रश्न पुढचा नाही, आत्ताचा आहे. ६४ बिटमध्ये कंपाइल करा, नाहीतर _लार्ज_टाइम_एपीआय डिफाइन करून टाइम६४ आणि लोकलटाइम६४ वापरा. आणि आठ बाइटचं टीओडी १७ सप्टेंबर २०४२ ला गुंडाळी पूर्ण करतं. नवीन कोडमध्ये टीओडी वाचायला एसटीसीकेऐवजी एसटीसीकेई ही जास्त लांबीचं घड्याळ देणारी इन्स्ट्रक्शन घ्या.

टेस्टिंगसाठी सिस्टिमचं घड्याळ हलवायची गरज नसते, आणि कुणी हलवूही देणार नाही. ठरावीक आकडे लोकलटाइमला द्या. पूर्व अमेरिकेच्या पूर्ण स्ट्रिंगसह १७४१५०३५९९ दिलात तर ९ मार्च २०२५, ०१:५९:५९ ईएसटी आलं पाहिजे. एक मिळवून १७४१५०३६०० दिलात तर ०३:००:०० ईडीटी. नोव्हेंबरसाठी १७६२०६३१९९ ला ०१:५९:५९ ईडीटी, आणि १७६२०६३२०० ला ०१:००:०० ईएसटी. टीझेड आयएसटी-५:३० केलंत तर १७४१५०३६०० ला १२:३०:०० आलं पाहिजे. यांतलं एकही उत्तर वेगळं आलं, तर आधी टीझेड खरंच पोचलं का ते गेटएनव्हच्या ओळीत बघा. बहुतेक वेळा ती तिरकी रेघ राहिलेली असते.

आणि टेस्ट फक्त आपल्या सकाळी करू नका. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सात ते बारा या वेळेत, म्हणजे हिवाळ्यात आपल्या पहाटे साडेपाच ते सकाळी साडेदहा, एक तरी रन हवाच. आउटपुटमध्ये तारखेइतकंच तासाकडेही बघा.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी आपल्याकडे दुपारचे साडेबारा होतात तेव्हा तिकडे घड्याळ पुढे जातं. त्या दिवशी मी जेवण लवकर उरकते, बारा पंचवीसला लॉगिन करते, एकतीसला डी टी देते, आणि त्याच मिनिटाला तो दहा ओळींचा प्रोग्राम चालवून दोन्हींची स्थानिक वेळ शेजारी ठेवून बघते. जुळली नाही तर फोन उचलते.